मोडीतली आजी

तोंडात घास असताना बोलू नये, हे तराजूसाहेबांना लहानपणी शिकवलं होतं. तोंडात घास असताना खोटं बोलू नये, हे मात्र कुणी वेगळं शिकवलं नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

तराजूसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी फिरायचं, तराजूवर आणि वजनांवर सरकारी शिक्का आहे की नाही ते बघायचं, आणि नसला की दुकानदाराचा चेहरा कसा उतरतो ते त्याहून बारकाईनं बघायचं, असं त्यांचं काम. हातात घेतलेल्या वस्तूचं वजन आपण काट्याशिवाय अचूक सांगतो, असा त्यांचा दावा होता. भाजीची पिशवी आली की ते ती हातात घेऊन डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचे. तो पडताळून बघायला घरात काटा नव्हता, त्यामुळे दावा इतकी वर्षं टिकून होता.

तर ते खोटं साडूच्या घरी बोललं गेलं. साडू विमा कंपनीत मॅनेजर. बोलायला लागला की माहितीपत्रक वाचतोय असं वाटायचं, आणि अटी शेवटी बारीक आवाजात यायच्या. त्याच्या जेवणाच्या खोलीत जिथे पूर्वी लग्नाचा फोटो होता, तिथे आता एक काळाकुट्ट बिडाचा तवा लटकत होता. तव्याच्या वर एक छोटा दिवाही लावला होता. फोटोच्या नशिबी हा दिवा कधी आला नव्हता.

"आजीचा," साडू म्हणाला. "वडिलांच्या आईचा. पूर आला तेव्हा तिनं सगळं घर सोडलं, पण हा तवा सोडला नाही. डोक्यावर घेतला आणि नदी ओलांडली. आणि हे दांड्यातलं भोक बघितलंत? वाकडं आहे. हातकामाची खूण ती. आजच्या मशीनला असं वाकडं भोक पाडायला जमणारच नाही."

वाकडं काम करायला मशीन कशाला लागतं, हे तराजूसाहेबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायकोनं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"याची किंमत होऊच शकत नाही," असं म्हणून साडूनं लगेच किंमत सांगितली. गावातले एक दंतवैद्य फावल्या वेळात 'जुनं बीड संवर्धन मंडळ' चालवत, त्यांनी ती ठरवली होती. तेवढ्या पैशांत साडूच्या आजीला नदीवर पूल बांधता आला असता.

हे एक नवंच खूळ निघालं आहे. ज्या बिडाच्या भांड्यांनी आपल्या आज्यांची मनगटं कामातून गेली, ती त्यांनी संधी मिळताच मोडीत काढली आणि सुटकेचा श्वास सोडला. आता त्यांचीच नातवंडं तीच भांडी मोडीतून हुडकून आणतात, त्यांना तेल पाजतात, त्यांचे फोटो काढतात आणि 'पॅटिना' असा शब्द वापरतात. पॅटिना म्हणजे भांडं नीट न घासल्यामुळे चढलेला थर. हाच थर घरातल्या सुनेनं ठेवला असता, तर तिला त्यासाठी वेगळा शब्द ऐकावा लागला असता. पण तोच थर काचेच्या कपाटात गेला की त्याच्यापुढे सुशिक्षित माणसं आवाज खाली करून बोलतात.

"तुमच्याकडे असलं जुनं काही नसेलच, नाही का गं?" साडूच्या बायकोनं विचारलं. ती तराजूसाहेबांच्या बायकोची थोरली बहीण. घरात सगळे तिला ताईच म्हणत. ताईचे मार्क जास्त, ताईचे केस लांब, आणि ताईचे फ्रॉक आखूड झाले की धाकटीला. हा प्रश्न नेमका त्या उतरवलेल्या फ्रॉकच्या सुरात आला होता. धाकटीची मान ताटात गेली.

ते तराजूसाहेबांना बघवलं नाही.

"आहे की," ते घास गालात सरकवून म्हणाले. "आजीची कढई. बिडाचीच. तुमच्या तव्याहून जुनी असेल."

"हो?" साडू म्हणाला. "कधी बोलला नाहीत!"

"आम्ही भिंतीवर टांगत नाही."

"मग पुढच्या रविवारी येतोच बघायला. डॉक्टरांनाही घेऊन येतो, किंमत करून टाकतील. आणि आपल्या सासूबाईंनाही आणू. आमचे चार जिने त्यांना चढवत नाहीत, तुमचं आपलं तळमजल्यावर बरं आहे." यातलं शेवटचं वाक्य बारीक आवाजात होतं.

घरी येईपर्यंत बायकोनं दम धरला. दार लावल्यावर बोलली.

"तुमच्या आजीची कढई? अहो, तुमची आजी जन्मभर अॅल्युमिनियमच्या पातेल्यात रांधत होती. त्याला भोक पडलं की डाग लावून आणायची."

"बोललो खरा."

"बोललात ना? मग आता आणा." तिनं पर्स खुर्चीवर टाकली. "रविवारी ताईसमोर माझी फजिती झाली, तर ती मला जन्मभर ऐकवेल. तुम्ही कामावर निघून जाल. ऐकायला मी असेन."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तराजूसाहेबांना ते फार लागलं. आठ दिवसांत त्यांना एक आजी विकत आणायची होती.

सोमवारी ते तपासणीचं निमित्त काढून आधी बाजारपेठेतल्या पॉश दुकानात गेले. आत इतका गारवा होता की भांड्यांनाही हुडहुडी भरावी. प्रत्येक कढई वेगळ्या फळीवर, प्रत्येकीखाली मखमल. त्यांनी एक उचलली आणि सवयीनं डोळे मिटले. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, हे गृहस्थ प्रार्थना करताहेत. ती अदबीनं गप्प उभी राहिली. मग त्यांनी डोळे उघडून किमतीची चिठ्ठी बघितली आणि कढई अशी हळुवार खाली ठेवली, की झोपलेलं मूलही जागं झालं नसतं.

"वजनावर देता का?" त्यांनी विचारलं.

"सर, आम्ही वारसा विकतो," मुलगी म्हणाली.

तिथून ते बस आगारामागच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले. तिथे एका दुकानदाराला सगळे म्युझियमवाला म्हणत, कारण तो कुठल्याही वस्तूला हात लावला की "सांभाळून, ही म्युझियमला जायची आहे," असं म्हणायचा. दुकानात पाय ठेवताच तराजूसाहेबांना दिसला तो छताला टांगलेला काटा. त्यावर शिक्का नव्हता. इतर दिवशी त्यांनी तिथेच पंचनामा केला असता. आज त्यांनी काट्याकडे पाठ केली आणि कायद्याला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं.

"बिडाची कढई हवी होती. जुनी."

"आजी कुठल्या बाजूची?" म्युझियमवाल्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"वडिलांकडची की आईकडची? साहेब, इथे येणाऱ्या प्रत्येकाला आजीच हवी असते. नुसती कढई हवी असणाऱ्या माणसाला नवी मिळते की कोपऱ्यावर." त्यानं आतून एक खोलगट, जड कढई काढून आणली. घासून, तेल लावून काळी केलेली. एक कान शाबूत, दुसरा अर्धा तुटलेला. "ही घ्या. आता हिची गोष्ट सांगतो, नीट ऐका, घरी सांगायला लागेल. पूर आला होता. आजीनं सगळं घर सोडलं, पण..."

"थांबा." तराजूसाहेबांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. "ही गोष्ट आधी कुणाला दिलीत?"

म्युझियमवाल्यानं जीभ चावली. "चुकलंच. ती गेली. मागच्या महिन्यात विम्याचे एक साहेब आले होते, त्यांना तव्याबरोबर दिली. एक गोष्ट मी दोन गिऱ्हाइकांना देत नाही, धंद्यात तेवढं इमान लागतं. तुम्हाला चोराची देतो. आजीनं चोराला कढई फेकून मारली, चोर आडवा झाला, कढईचा कान तुटला. पुराची गोष्ट घेण्याआधी त्या साहेबांनाही ही ऐकवली होती, पण ते म्हणाले, तव्याला कान नसतो."

तराजूसाहेबांना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. साडूची आजी पुरातून नव्हे, आगारामागून आली होती! ती नदी, ते डोक्यावरचं ओझं, तो दिवा, सगळं दुकानातलं! हे जगाला ओरडून सांगावं, असं त्यांना वाटलं. आणि पुढच्याच क्षणी ध्यानात आलं, की ते तुम्हाला कुठे कळलं, असं जग विचारील. आनंद तसाच घशात राहिला.

"ही आली कुठून?" त्यांनी कढई हातात घेत विचारलं.

"त्याच तव्याची जोडीदारीण. एकाच घरातून दोन्ही निघाली, भंगारवाल्याकडून आली. असेल कुठली तरी म्हातारी. मुलं बघत नसतील, काढली असतील मोडीत."

"काय एकेक माणसं असतात," तराजूसाहेब कळवळून म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी वजन सांगितलं आणि मोडीचा भाव काढायला लागले.

"वजनावर मी घेतो, साहेब," म्युझियमवाला म्हणाला. "विकतो आजीवर."

शेवटी त्यांनी आजीचे पैसे मोजले. निघताना म्युझियमवाल्यानं त्यांना दारापर्यंत सोडलं आणि सहज म्हणाला, "काट्याकडे बघितलं नाहीत, फार उपकार झाले." म्हणजे त्यानं साहेबांना पहिल्यापासून ओळखलं होतं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं ताठ ठेवलेली मान त्या दिवशी एका तुटक्या कानासाठी वाकली, हे तराजूसाहेब पुढे बरेच दिवस विसरू शकले नाहीत.

घरी कढई टेबलावर ठेवताच बायकोनं दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले.

"काय झालं?"

"काही नाही. उगाच." तिलाही नवल वाटलं. "जड दिसते हो. बघितलं तरी पायाचा अंगठा ठणकतो."

आता कढई दुकानातली नव्हे, घरातली दिसायला हवी होती. शेजारी मदतीला धावले. शेजाऱ्यांना आपण बोलावत नाही, वास त्यांना बोलावतो. समोरचे गणिताचे मास्तर म्हणाले, जाड्या मिठानं घासा. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मिठानं वाटोळं होईल, कापलेल्या बटाट्यानं घासा. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, दोन्ही चूक, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. तराजूसाहेबांनी कुणाचंच मन मोडलं नाही. मीठ झालं, बटाटा झाला, व्हिनेगर झालं, आणि म्युझियमवाल्यानं कष्टानं चढवलेला काळेपणा निघून कढई विटकरी झाली. त्या रंगाची आजी साडूनं क्षणभर मान्य केली नसती.

मग तेल लावून तापवण्याचा उपाय निघाला. पातळ थर द्यायचा असतो, असं सगळीकडे सांगतात. तराजूसाहेबांनी विचार केला की आठ दिवसांत दोन पिढ्या चढवायच्या आहेत, तेव्हा थर जाडच हवा. थोड्याच वेळात स्वयंपाकघर दिसेनासं झालं. धूर खिडकीतून निघून वर काकूंकडे गेला, काकू गॅलरीत येऊन ओरडल्या, आणि सेक्रेटरी पाण्याची बादली घेऊन धावत आले. आग कुठे आहे हे न विचारता त्यांनी कढईवर नेम धरला.

"अहो, तडकेल! गरम बीड आहे!" असं ओरडून तराजूसाहेब मध्ये पडले. अख्खी बादली त्यांच्या अंगावर रिकामी झाली. आजीसाठी नातवानं इतकं करणं आजकाल दुर्मिळ आहे. ओल्या हातांनी, फडक्यात धरून, त्यांनी कढई सिंककडे नेली. ती हातातून निसटली आणि सिंकला इकडून तिकडे तडा गेला. कढईला काही झालं नाही. बायको तोवर स्टुलावर चढून बसली होती.

गुरुवारी साडूनं मंडळाचा अर्ज धाडला. वस्तू दोन पिढ्या याच घरात होती, असं नात्यात नसलेल्या दोन माणसांनी सही करून सांगायचं होतं. काकूंनी न वाचता सही केली. "आठवतात की तुमच्या आजी," त्या म्हणाल्या. "काय मायाळू बाई होती! आणि चोराच्या बाबतीत तितकीच कडक." काकू या इमारतीत येण्याच्या कितीतरी आधी आजी वारली होती. मास्तर मात्र तत्त्वाचे. आजीचं वय, चोरीचं साल आणि कढईचा काळ मांडून त्यांनी गणित केलं आणि चोराला आडवं केलं तेव्हा आजी बालवाडीत होती, असं उत्तर काढलं. शेवटी चोरी वीस वर्षं पुढे ढकलल्यावर उत्तर जुळलं आणि त्यांची सही मिळाली.

रविवारी सगळे आले. साडूनं तवा सोबत आणला होता, मऊ दुलईत गुंडाळून. शेजारी शेजारी ठेवून तुलना करू, म्हणाला. सासूबाई आल्या आल्या स्वयंपाकघरात गेल्या. रिकामं बसणं त्यांना जमत नसे. "मी बटाटे चिरते, तुमचं चालू द्या," असं आतूनच म्हणाल्या.

दंतवैद्यांनी खिशातून दांड्याचा छोटा आरसा आणि एक बारीक सळई काढली. आरशानं कढईचा तळ बघितला, सळईनं ठिकठिकाणी ठोकलं आणि प्रत्येक ठोक्याला सवयीनं "इथे? आणि इथे?" असं विचारलं. कढईची काही तक्रार नव्हती.

"आवाज खणखणीत आहे," ते म्हणाले. "थर जरा अलीकडचा वाटतो."

"मधे वापर कमी झाला होता," तराजूसाहेब म्हणाले.

"कान तुटलाय, म्हणून खरं तर किंमत निम्मी. पण अर्जात लिहिलंय तसा तो चोरामुळे तुटला असेल, तर दुप्पट." मग त्यांनी किंमत सांगितली. ती साडूच्या तव्याहून जास्त होती.

बायकोनं ताईकडे बघितलं. ताई कुठे बघावं हे न कळून पडद्याकडे बघत होती. तराजूसाहेबांचं ऊर भरून आलं. इथे शहाण्या माणसानं जेवायची पानं घ्यायला सांगितली असती. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"साडूभाऊ," ते गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या आजीनं तवा डोक्यावर घेऊन नदी ओलांडली, तेव्हा पाणी होतं तरी किती?"

साडूनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग तुटक्या कानाकडे बघितलं. चोराची गोष्ट त्यालाही ऐकवलेली होतीच, हे तराजूसाहेबांना त्याच क्षणी आठवलं.

"गळ्यापर्यंत," साडू तितक्याच गोड आवाजात म्हणाला. "आणि तुमचा तो चोर? आगाराच्या बाजूनं पळाला का हो?"

दोघंही काही क्षण हसत राहिले. असं हसताना माणसाच्या कानशिलांना घाम येतो.

"घ्या ना, सरबत घ्या," तराजूसाहेब म्हणाले.

"आधी तुम्ही," साडू म्हणाला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यानं त्यांना 'आधी तुम्ही' कधी म्हटलं नव्हतं.

"अगं, तेल कुठे ठेवलंस?" म्हणत सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, आणि टेबलापाशी येऊन थबकल्या. चष्मा वर सारून त्यांनी तव्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी कढई उचलली आणि मागे न बघताच म्हणाल्या, "धाकटे, पाय मागे घे."

धाकटीचे पाय आधीच खुर्चीच्या दांडीवर गेले होते. ती आपल्याच पायांकडे बघत राहिली. मग तिनं चपलेतून उजवा अंगठा बाहेर काढला. त्याचं नख लहानपणापासून अर्धंच होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "ही आपली?"

"मग कुणाची? हा कान तूच तोडलास. शाळेत होतीस, ओट्यावरून ओढलीस, पायावर घेतलीस. अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. आणि हा तवा. भोक बघ कसं वाकडं पाडलंय तुझ्या बाबांनी. सुट्टीचा अख्खा दिवस त्या एका भोकात घालवला, आणि वर मलाच म्हणाले, तू तवा हलवलास."

साडूनं हातकामाच्या त्या खुणेवर हळूच हात ठेवला.

"पण आई, तू ही देऊन कशी टाकलीस?" ताईनं विचारलं.

"देऊ नको तर काय करू? थोरल्या जावयांनी लाल नॉनस्टिकचा सेट आणला. आठ दिवसांनी धाकट्या जावयांनी त्याहून मोठा हिरवा आणला. जावयांनी आणलेलं वापरलं नाही तर बरं दिसत नाही. ठेवायला जागा कुठे होती? मनगटही दुखत होतंच. भंगारवाला दारात आला, दिली." त्यांनी तुटक्या कानावरून बोट फिरवलं. "दिली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

हिरवा सेट लाल सेटहून मोठा असावा, म्हणून तराजूसाहेब तेव्हा तीन दुकानं फिरले होते. कुठल्या तरी म्हातारीची मुलं बघत नसतील, हे वाक्य आता त्यांच्या कानात सारखं वाजायला लागलं. लाज वाटली, आणि ती लपवायला हातात सरबताचा पेलाही उरला नव्हता.

आतून सगळं ऐकलेल्या सासूबाई थोरल्या जावयाकडे वळल्या. "जावईबापू, तुमच्या आजी पुरातून निघाल्या, तेव्हा वाटेत आमचं घर लागलं होतं वाटतं?" मग धाकट्याकडे. "आणि तुमचा चोर? त्यानं आमच्याकडूनच नेली ना कढई?"

दंतवैद्य एकदम उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे मूळ मालकीणबाई हयात आहेत! दोन्ही वस्तू एका घरातल्या! अहो, आता किंमत तिप्पट! फक्त आजी, ती खाली ठेवा, आता तिला विस्तव लावायचा नाही, पॅटिना..."

"डॉक्टर, बाजूला व्हा," सासूबाई म्हणाल्या. "बटाटे काळे पडताहेत."

त्यांनी कढई शेगडीवर चढवली, तेल ओतलं, बटाटे टाकले. तराजूसाहेबांनी चढवलेल्या दोन पिढ्या थोडा वेळ धुरावल्या आणि मग बसल्या. तव्यावर अंडी झाली. दंतवैद्य दारात उभे राहून उलथण्याच्या प्रत्येक खरडण्याला डोळे मिटत होते, पण जेवताना त्यांनी बटाटे तीनदा मागून घेतले. ही जुन्या गोष्टींच्या प्रेमाची खरी तऱ्हा आहे. पोटात गेल्या की कुणी प्रमाणपत्र मागत नाही.

शेवटी तळाला लागलेली खरवड उरली. लहानपणी ती नेहमी ताईला मिळायची. सासूबाईंनी उलथणं पुढे केलं तेव्हा ताईनं ते घेतलं, खरवड निगुतीनं सोडवली आणि सगळी धाकटीच्या ताटात वाढली.

"घे," ती म्हणाली. "नख तुझं गेलं." मग जरा थांबून म्हणाली, "मीही ओळखला नाही गं तवा. रोज दिवा लावत होते त्याच्यावर."

दोघी बहिणी एकाच ताटातून ती खरवड खात बसल्या, आणि त्यांचे नवरे तडा गेलेल्या सिंकपाशी भांडी घासत उभे राहिले. सिंकमधून पाणी थेट त्यांच्या पायांवर गळत होतं.

"चोराची गोष्ट बरी होती हो," साडू खालच्या आवाजात म्हणाला. "मीच घ्यायला हवी होती."

"पुराला वजन होतं," तराजूसाहेबांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

निघताना सासूबाईंनी तवा आणि कढई दोन्ही पिशवीत घातली. लाल आणि हिरवा सेट पुढे म्युझियमवाल्याकडे गेले. त्यानं ते ठेवून घेतले; म्हणाला, थोडी वर्षं जाऊ द्या, ह्यांनाही आजी लागेल. आता सासूबाईंची कढई जड आहे आणि मनगट दुखतं, त्यामुळे ती शेगडीवर चढवायला आणि उतरवायला रोज एक जावई जातो. एक दिवस विमा, एक दिवस वजनमापे. साडू जातो तेव्हा सासूबाई त्याला पुराच्या पाण्याची खोली विचारतात. तराजूसाहेब जातात तेव्हा उतरवलेली कढई हातात धरून सवयीनं डोळे मिटतात आणि आकडा सांगायला तोंड उघडतात.

"आहे तेवढंच आहे, जावईबापू," सासूबाई म्हणतात. "पाय मागे घ्या आणि खाली ठेवा."